आठ तास झोपूनही सोमवार जड का जातो?

सोमवारी पहाटे गजर वाजतो. हात आपोआप मोबाईलकडे जातो, गजर दहा मिनिटं पुढे ढकलला जातो, मग आणखी दहा. उठून बसलं तरी डोकं जड असतं आणि दुपारपर्यंत अंगात ताकद येत नाही. चमत्कारिक गोष्ट म्हणजे आदल्या दिवशी, रविवारी, नऊ वाजेपर्यंत भरपूर झोप काढलेली असते. उधारी फेडली तरी देणं कायम, असा हा हिशोब आहे.

निरोगी राहण्याच्या सवयींवर रोज ढिगाने सल्ले मिळतात. किती पाणी प्यावं, किती पावलं चालावं, किती तास झोपावं. त्यातले बरेचसे सल्ले चांगलेही असतात. पण जवळजवळ सगळे ‘काय’ आणि ‘किती’ एवढंच सांगतात. ‘कधी’ हा प्रश्न मागे राहतो. माझ्या मते सवयींची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी, कारण आपल्या शरीराला वेळ कळते. हे मी अलंकारिक भाषेत म्हणत नाही. शरीरात खरोखरच घड्याळ आहे, ते कसं चालतं हे माहीत आहे, आणि सोमवारच्या त्या जडपणाचं कारणही बऱ्याच अंशी त्यातच आहे.

कपाटात ठेवलेलं लाजाळू

लाजाळूची पानं हात लावल्यावर मिटतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती रोज संध्याकाळीही मिटतात आणि सकाळी उघडतात. ऊन आलं की उघडत असतील, गेलं की मिटत असतील, असं कुणालाही वाटेल. 1729 साली ज्याँ-जाक द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने या समजाची परीक्षा घेतली. त्याने झाड अंधारात ठेवलं. ऊन नाही, उजेड नाही, तरी पानं आपल्या वेळेला उघडत राहिली आणि आपल्या वेळेला मिटत राहिली.

हे वाचल्यावर मलाही राहवलं नाही. खिडकीतली लाजाळूची कुंडी मी दोन दिवस कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार किलकिलं करून पाहिलं तर आतल्या काळोखात पानं पसरलेली होती, जणू समोर खिडकीच आहे. रात्री पाहिलं तेव्हा ती जोडीजोडीने मिटून दांड्याला चिकटली होती. दिवस कधी उजाडतो हे झाडाला बाहेरून कुणी सांगत नव्हतं.

आतून चालणाऱ्या या सुमारे 24 तासांच्या चक्राला जैविक घड्याळ म्हणतात. ते झाडांत आहे, बुरशीत आहे, माश्यांत आहे आणि माणसात आहे. झोप, शरीराचं तापमान, रक्तदाब, भूक, संप्रेरकं, अन्न पचवण्याची ताकद, हे सगळं दिवसभर त्याच्या तालावर वरखाली होत असतं.

हे घड्याळ बनलंय कशाचं?

1971 मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांसारख्या माश्यांमध्ये एक जनुक सापडलं. त्यात बिघाड झाला की माशीचा दिवस कधी लहान, कधी मोठा व्हायचा, तर कधी सगळा तालच हरवायचा. त्या जनुकाचं नाव ‘पिरियड’. ते नेमकं कसं चालतं हे पुढे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

यंत्रणा समजून घ्यायला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा तरंगता गोळा डोळ्यांसमोर आणा. टाकी भरत जाते तसा गोळा वर येतो आणि येणारं पाणी बंद करतो. पाणी वापरलं गेलं की गोळा खाली जातो आणि नळ पुन्हा सुरू होतो. पेशीतही असंच घडतं. पिरियड जनुकावरून एक प्रथिन तयार होतं. ते पुरेसं साठलं की आपल्याच जनुकाचा नळ बंद करतं. साठलेलं प्रथिन हळूहळू नष्ट होतं, तसा नळ पुन्हा उघडतो. भरणं आणि रिकामं होणं या एका फेरीला साधारण 24 तास लागतात. माणसातली यंत्रणा जास्त गुंतागुंतीची आहे, पण तत्त्व हेच.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशी टाकी आहे. यकृतात, स्नायूंत, हृदयात, कातडीत. इतकी घड्याळं एकमेकांशी जुळलेली ठेवायला कुणीतरी हवं. ते काम मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर असलेला सुमारे वीस हजार पेशींचा एक छोटा पुंजका करतो. त्याला आपण मुख्य घड्याळ म्हणू.

रोज थोडं मागे पडणारं घड्याळ

16 जुलै 1962 रोजी मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्स पर्वतातल्या एका थंडगार गुहेत एकटाच उतरला. सोबत घड्याळ नव्हतं आणि सूर्यप्रकाश पोचत नव्हता. झोप आली की झोपायचं, भूक लागली की खायचं आणि फोनवरून वरच्या लोकांना तेवढं कळवायचं. वरच्यांनी त्याला वेळ सांगायची नाही असं ठरलं होतं. 14 सप्टेंबरला मुक्काम संपल्याचं त्याला सांगितलं, तेव्हा त्याच्या हिशोबाने तारीख होती 20 ऑगस्ट. मधले जवळजवळ चार आठवडे त्याच्या मोजणीतून गळून गेले होते. एका चाचणीत त्याला सेकंदाला एक या गतीने 120 पर्यंत आकडे मोजायला सांगितले होते. त्याला पाच मिनिटं लागली.

मनाची मोजणी अशी पार कोलमडली, पण शरीराची नाही. त्याच्या झोपण्या-जागण्याची नोंद पाहिली तेव्हा चक्र साडेचोवीस तासांच्या आसपास नेमाने चाललेलं दिसलं. नंतर प्रयोगशाळेत जास्त काटेकोर मोजमापं झाली. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी 24 तास आणि वर साधारण दहा मिनिटं घेतं, असं आढळलं.

म्हणजे बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडतं, आणि मागे पडणारं घड्याळ रोज लावावं लागतं. ते लावतो तो उजेड. डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठीच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात, हे या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट झालं. त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं हे नाही. आजूबाजूला उजेड किती आहे एवढंच त्या मुख्य घड्याळाला कळवतात. काही दृष्टिहीन माणसांमध्ये याच पेशी शाबूत असतात. त्यांना दिसत नाही, तरी त्यांचं घड्याळ दिवस-रात्रीशी जुळलेलं राहतं. ज्यांच्या डोळ्यांत उजेड अजिबातच पोचत नाही, अशा बऱ्याच जणांची झोप मात्र हळूहळू सरकत जाते. काही आठवडे रात्री नीट झोप लागते, मग तीच झोप दिवसा येऊ लागते.

उजेडाचा परिणाम वेळेवर अवलंबून असतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. सकाळचा उजेड घड्याळ पुढे सरकवतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप लांबते.

आता यात आकडे घालून पाहू. उजेड लक्स या एककात मोजतात. घरातल्या दिव्यांखाली साधारण 100 ते 500 लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो काही हजार लक्स असतो आणि भर उन्हात लाखापर्यंत जातो. आपली बाहुली लहानमोठी होते आणि डोळा उजेडाला सरावतो, म्हणून हा फरक जाणवत नाही. दिवे लावलेली खोली आपल्याला ‘लख्ख’ वाटते, पण मुख्य घड्याळाच्या दृष्टीने ती संधिप्रकाशासारखी असते. दिवसभर घरात किंवा ऑफिसात बसणारा माणूस आपल्या घड्याळाला दिवस उजाडल्याची पक्की खबर देतच नाही. खिडकीला टेकून बसलं तर बराच उजेड मिळतो, पण खोलीत दोन-तीन पावलं आत आलं की तो झपाट्याने कमी होतो. म्हणून उठल्यावर तासाभराच्या आत वीस-तीस मिनिटं बाहेर पडणं हा उपाय साधा दिसला तरी त्याला तोड नाही. सूर्याकडे बघायचं मात्र नाही, नुसतं उघड्यावर असलं की पुरे.

मग झोप नेमकी केव्हा लागते?

झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे हे घड्याळ. दुसरी म्हणजे जागेपणी साठत जाणारा थकवा. आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि पापण्या जड होऊ लागतात. झोपेत ते ओसरतं. थकवा पुरेसा साठलेला आहे आणि घड्याळही रात्र झाल्याचं सांगतंय, अशी दोन्हींची गाठ पडली की पाठ टेकताच डोळा लागतो. संध्याकाळी सातला तासभर डुलकी काढली तर साठा आधीच कमी होतो, आणि मग रात्री कूस बदलत पडावं लागतं.

चहा-कॉफीतलं कॅफीन थकवा घालवत नाही. अॅडेनोसिन मेंदूत ज्या जागांवर बसतं त्या जागा कॅफीन अडवून बसतं, त्यामुळे थकवा असूनही कळत नाही. प्यायलेल्या कॅफीनपैकी अर्धं शरीरातून जायला सरासरी पाच-सहा तास लागतात. काहींना याहून बरेच कमी, काहींना बरेच जास्त. “मी रात्री कॉफी पिऊनही झोपतो,” असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. पण 2013 च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम, म्हणजे चांगले तीन-चार कप कॉफीइतकं, कॅफीन दिलं तेव्हा माणसांची झोप तासाभराहून अधिक घटली. डोळा लागणं आणि पुरेशी, गाढ झोप मिळणं यात फरक आहे.

रविवारी भरपाई होत नाही का?

आता सोमवारकडे वळू. समजा कुणी आठवडाभर रात्री अकराला झोपून सहाला उठतं. झोपेचा मध्य येतो अडीचला. शनिवारी रात्री दीडला झोपून रविवारी साडेनऊला उठलं तर मध्य येतो साडेपाचला. तीन तासांचा फरक पडला. पूर्वेकडून पश्चिमेला तीन तास मागे असलेल्या देशात जाऊन आल्यावर शरीराची जी गत होते तीच इथे होते, फक्त घर सोडलेलं नसतं. टिल रोनेबर्ग या जर्मन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं.

रविवारी उशिरा उठल्यामुळे सकाळचा उजेड हुकतो. उशिरा उठल्यामुळे रात्रीपर्यंत थकवाही पुरेसा साठत नाही. रात्री अकराला दिवा मालवला तरी माणूस टक्क जागा असतो. सोमवारी सहाला गजर होतो तेव्हा घड्याळ आतून अजून रात्र संपली नसल्याचं सांगत असतं. ऐन साखरझोपेतून ओढून काढलेलं शरीर जड राहणारच. मी कित्येक वर्षं याला आळस समजून स्वतःला दोष देत होतो.

आठवडाभराची झोप खरोखर अपुरी असेल तर थोडी भरपाई जरूर करावी, उपाशी माणसाला जेवू नको म्हणता येत नाही. पण ती रात्री लवकर झोपून करावी, किंवा दुपारी वीस-पंचवीस मिनिटं आडवं होऊन. सकाळी उठण्याची वेळ तासाभराहून जास्त हलू देऊ नये. झोपेची वेळ ठरवून पाळता येत नाही, कारण झोप हुकमाने येत नाही. उठण्याची वेळ मात्र पाळता येते आणि ती पाळली की झोपेची वेळ आपोआप मार्गी लागते.

मी मुळातच रात्री जागणारा आहे, त्याचं काय?

हा आक्षेप रास्त आहे. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे लहानपणापासून ऐकत आलो, पण सगळ्यांची घड्याळं सारखी नसतात. कुणाचं मुळातच उशिरा चालतं आणि त्यात जनुकांचा वाटा मोठा असतो. वयाचाही असतो. वयात येताना मुलांचं घड्याळ एक-दोन तास मागे जातं आणि विशीच्या सुमारास ते परत फिरू लागतं. अकराला झोप न येणारा आणि सहाला न उठणारा सोळा वर्षांचा मुलगा आळशी नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, ती याच कारणाने. घरात अशा मुलावर सकाळी आरडाओरडा होतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून पहाटे पाचला उठण्याचा आग्रह मला पटत नाही. पाचला उठून अकरा-बाराला झोपणाऱ्याच्या झोपेलाच कात्री लागते. प्रौढ माणसाला निदान सात तास हवेत. आठला उठणं कामात बसत असेल आणि तुम्ही रोज आठलाच उठत असाल, तर त्यात बिघडलेलं काही नाही. शिवाय ‘मी रात्रीचा माणूस आहे’ असं मानणाऱ्यांपैकी काहींना फक्त सकाळचा उजेड मिळालेला नसतो. दोन आठवडे उजेड घेऊन पाहिल्याशिवाय याचा निवाडा करू नये.

मोबाईलच्या उजेडाला किती घाबरायचं?

जितकं घाबरवलं जातं तितकं नाही, असं मी म्हणेन. अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. ‘रात्र झाली’ हा निरोप ते शरीरभर पोचवतं. प्रखर उजेडाने, विशेषतः निळसर उजेडाने, हा निरोप अडतो हे खरं. पण मोबाईलच्या पडद्याचा उजेड छतावरच्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांपुढे थोडा असतो. पडदा पिवळा करून ठेवायचा आणि खोलीत मात्र झगझगाट, याला काही अर्थ नाही. झोपण्याआधी तास-दीड तास मोठे दिवे बंद करून एखादा मंद, पिवळसर दिवा ठेवला तर जास्त फरक पडतो. दिवसा भरपूर उजेड घेतलेल्या माणसाला संध्याकाळच्या उजेडाचा त्रासही कमी होतो.

मोबाईलचा मोठा त्रास निराळाच आहे. तो हातातून सुटत नाही. अकराचे साडेबारा कधी होतात कळत नाही.

यकृतालाही वेळ कळते

मुख्य घड्याळ उजेडावर लागतं, पण यकृतासारख्या अवयवांची घड्याळं जेवणाच्या वेळेवरही लागतात. रात्री साडेअकराला भरपेट जेवलं तर मेंदू म्हणतो रात्र झाली आणि यकृत म्हणतं कामाची वेळ झाली. त्यातून भर म्हणजे तेच जेवण, तेवढंच, सकाळी घेतलं तर रक्तातली साखर कमी चढते आणि रात्री घेतलं तर जास्त. रात्री शरीर साखर हाताळायला सकाळइतकं तयार नसतं. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवण आटोपावं, हा जुनाच सल्ला यामुळे नव्याने पटतो.

व्यायामाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. तो कधी करावा यावर वाद घालण्यापेक्षा जेव्हा जमेल तेव्हा करावा. सकाळी उघड्यावर चालणं झालं तर उजेड आणि व्यायाम दोन्ही एकाच वेळी साधतात.

रात्रपाळी चुकतच नसेल तर

इथे मला उगाच धीर द्यायचा नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2007 मध्ये, आणि पुन्हा 2019 मध्ये, रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला आजार होतो असा याचा अर्थ नाही, पण ओझं खरं आहे. परिचारिका, पहारेकरी, चालक यांच्या जागरणावर आपल्या सगळ्यांच्या रात्री सुखाच्या होतात, म्हणून पाळ्या कशा लावायच्या हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा मानू नये.

हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत. पाळीच्या पहिल्या भागात भरपूर उजेडात काम करावं. सकाळी घरी येताना गडद चष्मा लावावा, पण स्वतः गाडी चालवत असाल आणि पेंग येत असेल तर लावू नये. झोपायच्या खोलीत जाड पडदे लावून पूर्ण काळोख करावा आणि ही झोप घरातल्यांनी रात्रीच्या झोपेइतकीच जपावी. दुपारी दोनला दारावरची बेल वाजणं म्हणजे त्या माणसासाठी मध्यरात्री बेल वाजणं आहे.

वेळ पाळूनही थकवा जात नाही

मग दोष घड्याळाचा नसू शकतो. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून जाग येणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्याबसल्या झोप लागणं, ही झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची लक्षणं असू शकतात. रक्त कमी असणं, थायरॉइड, नैराश्य यांतही असाच थकवा येतो. अशा वेळी सवयी बदलत बसू नये, डॉक्टरांना गाठावं. मेलाटोनिनच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ते गुंगीचं औषध नाही, वेळेचा निरोप आहे, आणि चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ नको त्या दिशेला सरकतं.

बदल करायचा तर किती वेगाने?

घड्याळ हळूहळू सरकतं. नऊचा माणूस एका रात्रीत सहाचा होत नाही. तसा प्रयत्न करणारे तिसऱ्या दिवशी कंटाळून सोडतात. गजर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणावा, उठलं की बाहेर पडावं आणि रविवारही त्यातून वगळू नये. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या दिवशी गजराच्या आधीच डोळे उघडतात. त्या वेळेपर्यंत शरीराने पहाटेपासूनच तयारी केलेली असते. कॉर्टिसॉल हे जागं करणारं संप्रेरक वाढलेलं असतं, उतरलेलं तापमान चढू लागलेलं असतं आणि मेलाटोनिन ओसरत आलेलं असतं.